आठ दिवसांची गोळी: आमवाताच्या रुग्णाची शुश्रूषा

(या भागाचं हे शब्दांकन. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आज पाहुणे कोणी नाहीत. मी एकटीच बोलणार आहे, आणि माझ्याच कामाबद्दल. मी नर्स आहे. १९ वर्षं झाली. त्यातली शेवटची ११ संधिवाताच्या ओपीडीत गेली.

लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. "संधिवातात नर्सचं काय काम हो? औषध डॉक्टर लिहून देतात, व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. तुम्ही काय, नंबर पुकारता?" नंबरही पुकारते. पण हिशोब करून बघा. आमवाताचा रुग्ण डॉक्टरांसमोर दहा मिनिटं बसतो, तेही दोन-तीन महिन्यांतून एकदा. मधले सगळे दिवस तो आजार घरी असतो. गोळी घरी घेतली जाते, ताप घरी येतो, भाकरी घरी थापली जाते. ओपीडीत आम्ही जे सांगितलं ते त्या घरापर्यंत पोचलं की नाही, हे बघणं म्हणजे माझं काम. हे मी एका चुकीतून शिकले. ती चूक मी आज सांगणार आहे.

आधी आजार कोणता ते

मराठीत आपण सगळ्यालाच संधिवात म्हणतो. आजीचा गुडघा झिजला, संधिवात. पावसात कंबर धरली, वात. आज मी बोलतेय तो आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. झिजेच्या आजारात सांध्यातली कूर्चा घासली जाते. इथे गोष्ट वेगळी आहे. आपली स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि उपचार झाले नाहीत तर शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. एकदा कुरतडलेलं हाड परत भरून येत नाही. म्हणून पहिले काही महिने फार मोलाचे. डॉक्टर लवकर औषध सुरू करायची घाई करतात ती यासाठी.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. बहुतेकदा ३० ते ६० या वयात सुरू होतो, म्हणजे ऐन कामाच्या वर्षांत. दोन्ही मनगटं, बोटांची मुळं, मधली पेरं सुजतात, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना. नखाजवळची पेरं सहसा सुटतात. सकाळी सांधे आखडतात ते पाच-दहा मिनिटांत मोकळे होत नाहीत, तासभर किंवा त्याहून जास्त लागतो. शिवाय अंगात बारीक कणकण, भूक नाही, आणि झोपूनही न जाणारा थकवा. हा आजार फक्त सांध्यांचा नाही. फुप्फुसं, डोळे, हृदय, रक्त, सगळीकडे त्याची झळ पोचू शकते.

सकाळचा प्रश्न कसा विचारायचा

नवीन असताना मी फॉर्मवर लिहिलेला प्रश्न जसाच्या तसा विचारायचे. "सकाळी सांधे किती वेळ आखडतात?" उत्तर ठरलेलं. "असतं थोडा वेळ." आता 'थोडा वेळ' म्हणजे फॉर्ममध्ये काय लिहू?

आता मी असं विचारते. उठता किती वाजता? चहाचं पातेलं सांडशीने उचलता कधी येतं? वेणी स्वतः घालता? ब्लाउजचे हूक कोण लावतं? एका बाईंनी "आता बरं आहे" म्हणून सांगितलं आणि हुकांचं विचारल्यावर म्हणाल्या, "ते लेक लावते शाळेत जायच्या आधी." लेक नववीत. म्हणजे सकाळी सातपर्यंत या बाईंची बोटं मिटत नव्हती आणि आम्ही 'बरं आहे' लिहून मोकळे होणार होतो.

मग सांधे मोजायचे. आमच्याकडे २८ सांध्यांची मोजणी करतात: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, हाताच्या बोटांच्या मुळाचे दहा, त्यापुढचे दहा, आणि दोन गुडघे. प्रत्येक सांध्यावर अंगठ्याने दाबायचं, आपलं नख पांढरं पडेल इतकंच. दुखतं का ते वेगळं मोजायचं, सूज आहे का ते वेगळं. आणि दाबताना नजर सांध्यावर नाही, चेहऱ्यावर ठेवायची. आपल्याकडच्या बायका तोंडाने "नाही दुखत" म्हणतात आणि डोळे मिटून घेतात. यात पायाचे सांधे येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. चपला काढायला लावून तळव्याच्या पुढच्या भागाला हात लावून बघितल्याशिवाय मी कोणाला सोडत नाही.

वॉर्डातल्या सिस्टर ऐकत असतील तर त्यांच्यासाठी एक. आपल्या वॉर्डचं घड्याळ आमवाताच्या रुग्णाच्या उलटं चालतं. पहाटे साडेपाचला स्पंज, सहाला चादर बदलायची, राउंडच्या आधी सगळं आवरलेलं हवं. नेमकं त्याच वेळी या रुग्णाचं अंग लाकडासारखं झालेलं असतं. याचा स्पंज नऊ-दहा वाजता ठेवा. आधी कोमट पाण्यात हात बुडवू द्या. उठवताना हाताला धरून ओढू नका. मनगट आणि कोपर दोन्हींखाली आपला हात घालून आधार द्या. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून दिवसेंदिवस झोपू देऊ नका, गुडघा तसाच वाकलेला राहतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल करून ठेवा. गोळी पाकिटातून काढून हातात द्या. "पेशंट गोळ्या घेत नाही" अशी नोंद मी वाचली आहे. बिचाऱ्याला पाकीटच फोडता येत नव्हतं.

आता ती चूक

आमवाताचं मुख्य औषध म्हणजे मेथोट्रेक्झेट. याचा इतिहास आपल्या जवळचा आहे. भीमावरममध्ये १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन प्रमुख होते. १९४० च्या दशकात त्यांच्या गटाने फॉलिक ॲसिड बनवलं, आणि फॉलिक ॲसिडचं काम अडवणारी औषधंही. ती आधी रक्ताच्या कर्करोगात वापरली गेली. मेथोट्रेक्झेट त्याच कुळातलं. पुढे कळलं की फार कमी मात्रेत, आठवड्यातून एकदाच दिलं तर आमवात आटोक्यात राहतो. अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. आज जगभर बहुतेक रुग्णांची सुरुवात याच गोळीने होते.

'आठवड्यातून एकदाच' या दोन शब्दांवर सगळा खेळ आहे.

मी तेव्हा या ओपीडीत नव्हते. दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये होते, नवीनच. गर्दीचा दिवस. एक मावशी होत्या, पन्नाशीच्या, शेतात खुरपायला जाणाऱ्या. डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट १० मिलिग्रॅम लिहिलं. दहा गोळ्यांचं पाकीट मी त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, "मावशी, ही आठ दिवसांची एक गोळी बरं का. रात्री जेवून घ्यायची."

मला म्हणायचं होतं, आठ दिवसांतून एक. आपण आठवड्याला आठ दिवसच म्हणतो की. त्यांनी ऐकलं, आठ दिवस, एक-एक.

दहाव्या की अकराव्या दिवशी त्यांना आणलं. तोंडभर फोड, पाणी गिळता येत नाही, अंगात ताप. पिशवीतून त्यांच्या मुलाने पाकीट काढलं. दोन गोळ्या शिल्लक होत्या. मी विचारलं, "मावशी, रोज घेतली?" त्यांना बोलता येत नव्हतं धड. म्हणाल्या, "तुमीच म्हनला न्हवं, आठ दिसाची हाय म्हनून."

रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली आलेल्या. मेथोट्रेक्झेटवर उतारा असतो, फॉलिनिक ॲसिड. त्याची इंजेक्शनं सुरू झाली, अँटिबायोटिक सुरू झालं, वेगळ्या खोलीत ठेवलं. मी माझी ड्यूटी संपल्यावरही जायचे. मऊ कापसाने तोंड पुसायचं, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा, गार ताक चमच्याने. बारा दिवसांनी पेशी वर आल्या. त्या वाचल्या.

मला कोणी रागावलं नाही. केसपेपरवर 'रुग्णाने चुकीच्या पद्धतीने औषध घेतले' असं लिहिलं गेलं. ते वाक्य मला अजून टोचतं. रुग्णाने सांगितलं तसंच घेतलं होतं.

त्या दिवसापासून मी काय करते

पहिलं म्हणजे, 'आठ दिवस' हा शब्द मी ओपीडीत उच्चारत नाही. वार ठरवते. गावाकडच्या बायकांना मी विचारते, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी? बाजाराचा वार कोणी विसरत नाही. मग बाजार करून आलं, जेवलं, की गोळी. उपवासाचा वार मात्र नको, रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. तो वार केसपेपरवर, पाकिटावर आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहायचा.

दुसरं, मेथोट्रेक्झेटच्या जोडीला फॉलिक ॲसिड असतं. ते आम्ही शक्यतो वेगळ्या वारी देतो. दोन्ही गोळ्या लहान, आणि बऱ्याचदा दोन्ही पिवळट. म्हणून एकीचं पाकीट एका डब्यात, दुसरीचं दुसऱ्यात. दुकानातून कंपनी बदलून गोळी आली, किंवा अडीचच्या जागी दहा मिलिग्रॅमची आली, तर घेण्याआधी फोन करायचा.

तिसरं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. सांगून झालं की मी म्हणते, "मावशी, मी नीट सांगितलं का बघू. आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" त्यांची परीक्षा घेतोय असं वाटता कामा नये. परीक्षा माझी आहे. दोन मिनिटं जातात. पण दर दहा-बारा जणांत एखादी तरी असते, जिच्या तोंडून भलतंच ऐकायला येतं. त्या दोन मिनिटांसाठी मी बाहेरच्या रांगेच्या शिव्या खाते.

चौथं, रक्ततपासणी. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी, मग साधारण तीन महिन्यांनी: पेशी, यकृत, मूत्रपिंड. "बरं वाटतंय मग रक्त कशाला?" याचं उत्तर एकच. यकृत कुरकुर करायला लागलं की आधी रक्तात दिसतं, अंगाला नंतर कळतं. दारू बंद, हे घरातल्या पुरुष रुग्णांना स्पष्ट शब्दांत. आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला वगैरे सर्रास दिली जाणारी सेप्ट्रानसारखी को-ट्रायमॉक्झाझोलची गोळी मेथोट्रेक्झेटबरोबर चालत नाही, पेशी एकदम खाली येऊ शकतात. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात की पहिलं वाक्य हे: "मी मेथोट्रेक्झेटवर आहे."

कधी थांबायचं नाही

काही गोष्टींना पुढच्या तारखेची वाट बघायची नसते. त्या मी बोटांवर मोजून शिकवते.

तोंड आलं. इथे एक गंमत सांगते, गंमत कसली म्हणा. मशेरी लावणाऱ्या बायका म्हणतात, "मशेरीनं आलं असंल." आणि गप्प बसतात. त्यामुळे मी तोंड उघडायला लावून टॉर्चने बघतेच. फोड असतील तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

ताप आला. या औषधांवर असताना ताप म्हणजे जंतुसंसर्ग असं धरून चालायचं. क्रोसिन घेऊन घरी बसायचं नाही.

कोरडा खोकला, आणि जिना चढताना धाप. आमवात आणि मेथोट्रेक्झेट दोघेही फुप्फुसाला त्रास देऊ शकतात. आपल्याकडे टीबीही आहे.

एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला. आमवात उसळला की साधारणपणे बरेच सांधे बोलतात. एकटाच सांधा पेटला, सोबत ताप असला, तर त्यात पू असू शकतो. हे तासांचं काम आहे, दिवसांचं नाही. तिथे शेकायचं नाही, चोळायचं तर मुळीच नाही.

मानेतून हातात झिणझिण्या, मान वाकवल्यावर पाठीत करंट. जुन्या आमवातात मानेच्या वरच्या मणक्यांचा जोड सैल होतो. अशा रुग्णाला कुठल्याही ऑपरेशनसाठी भूल द्यायची असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं.

आणि शेवटची, स्टिरॉइडची गोळी मनाने बंद करायची नाही. यातच पुडीवाले येतात. 'शंभर टक्के गुण, साइड इफेक्ट शून्य', वर नाव नाही, आत काय ते लिहिलेलं नाही. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड सापडलेलं आहे. चार दिवसांत सूज उतरते ती त्यामुळे. मग चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. मी पुडी घेणाऱ्यावर ओरडत नाही. ओरडले तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत. मी म्हणते, पुडी घेऊन या, डॉक्टरांना दाखवू, हळूहळू कमी करू.

घरात

आमवात हा हातांचा आजार आहे आणि आपलं घर हातांवर चालतं. लादी पुसून फडकं पिळणं, चादर पिळणं, कणीक तिंबणं, भाकरी थापणं, बादली उचलणं. "आराम करा" म्हणून भागत नाही. कोण करणार मग? म्हणून काम सोडायला नाही, पकड बदलायला सांगायचं. फडकं नळाला अडकवून पिळा. बादली अर्धीच भरा. कढई एका हाताने उचलू नका, दोन्ही तळव्यांचा आधार द्या. उलथन्याच्या, चाकूच्या मुठीला कापड गुंडाळून जाड करा, बारीक मूठ आवळायला जास्त जोर लागतो. पिशवी बोटांत न धरता कोपरावर घ्या. बसून सांडास त्रासाचं होत असेल तर कमोडची खुर्ची. भांडी, धुणं एका दमात न उरकता मध्ये थांबायचं.

आखडलेल्या सांध्याला शेक, सुजून गरम झालेल्याला गार. सूज असताना सांधा हलकेच पूर्ण वाकवून सरळ करायचा, रोज. सूज उतरल्यावर ताकदीचे व्यायाम. पट्टी दिली असेल तर रात्री लावायची.

पण खरं सांगू? यादी हातात देऊन काही होत नाही. सोबत नवरा किंवा मुलगा आला असेल तर मी त्यालाही आत बोलावते. आमवात बाहेरून दिसत नाही. बाई सकाळी कण्हते आणि दुपारी चालते-फिरते, म्हणून घरच्यांना ढोंग वाटतं. मी त्याला म्हणते, हे बघा, हा सांधा, हात लावा, गरम लागतो ना? बऱ्याच नवऱ्यांनी बायकोचं मनगट असं पहिल्यांदाच धरलेलं असतं.

लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयाच्या मुलींशी मी वेगळं बोलते, आई बाहेर असताना. मेथोट्रेक्झेट आणि लेफ्लुनोमाइडवर असताना दिवस राहणं बाळाला धोक्याचं असतं. पण याचा अर्थ मूल होणार नाही असा नाही. काही महिने आधी ठरवायचं, डॉक्टर औषध बदलतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखी औषधं गरोदरपणातही चालतात. हे कोणी न सांगितल्यामुळे मुली गुपचूप सगळ्याच गोळ्या बंद करतात आणि वर्षभराने वाकड्या बोटांनी परत येतात.

बायॉलॉजिक इंजेक्शनांबद्दल एक वेगळा भाग करेन. आज एवढंच: ती सुरू करण्याआधी टीबी आणि कावीळ-बीची तपासणी झालेली हवी, आणि इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही.

शेवटी

युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने, युलरने, २०१२ साली या आजारांत नर्सची भूमिका काय असावी याच्या शिफारशी काढल्या, पुढे त्या सुधारल्याही. रुग्णाला शिकवणं, आजारावर लक्ष ठेवणं, गरज पडेल तेव्हा रुग्णाला नर्सपर्यंत पोचता येणं, असं त्यात आहे. वाचून बरं वाटलं. पण मला ते आधी त्या मावशींनीच शिकवलं होतं.

त्या नंतर परत आल्या, दोन महिन्यांनी. मला वाटलं होतं तोंड बघणार नाहीत. गोळी पुन्हा सुरू करायची की नाही यावर डॉक्टरांनी बराच विचार केला आणि दुसरं औषध दिलं. बाहेर आल्या आणि माझ्याच टेबलापाशी बसल्या. पाकीट पुढे ठेवून म्हणाल्या, "आता नीट सांगा. आन् मी म्हनून दाखवते."

मी सांगितलं. त्यांनी म्हणून दाखवलं. बरोबर होतं.

तुमच्या घरी कोणी मेथोट्रेक्झेट घेत असेल तर आज एक करा. त्यांना नुसतं विचारा, "ही गोळी कधी घेता?" आणि उत्तर पूर्ण ऐका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.